दुसरी बुडी

गल्लीच्या तोंडाशी त्याचं पंक्चरचं दुकान होतं आणि सगळे त्याला हवालदार म्हणायचे. पोलीसखात्याशी त्याचा संबंध एवढाच, की त्यांच्या मोटारसायकलींची चाकं अधूनमधून त्याच्याकडे यायची. हवा भरून देतो म्हणून कुणीतरी कधीतरी गमतीने हवालदार म्हटलं आणि ते नाव असं चिकटलं, की पुढे त्याच्या बायकोलाही लोक हवालदारीण म्हणू लागले. तिने पहिले काही महिने नाक मुरडलं, मग सोडून दिलं.

हवालदाराच्या कामाची एक रीत होती. इतर पंक्चरवाले ट्यूब पाण्यात एकदाच बुडवतात, भोक शोधण्यापुरती. बुडबुडे दिसले की खूण करायची, घासायचं, सोल्यूशन लावायचं, ठिगळ दाबायचं आणि गिऱ्हाइकाला वाटेला लावायचं. हवालदार ठिगळ मारून झालं की हवा भरून ट्यूब पुन्हा घमेल्यात घालायचा आणि गिऱ्हाइकाच्या डोळ्यांदेखत सगळी फिरवून दाखवायचा. गिऱ्हाईक घाईत असलं तर असो. या दुसऱ्या बुडीपायी कित्येकांना साहेबाची बोलणी खावी लागली असतील, पण हवालदाराची मान ताठ राहिली. "माझ्या हातचं पंक्चर आजवर परत आलेलं नाही," हे वाक्य तो इतक्यांदा म्हणायचा, की समोरच्या दुकानातला शिंपी ते कधीकधी त्याच्या आधीच म्हणून टाकायचा.

अशा माणसाला दुसऱ्याचं काम पसंत पडणं कठीणच. गवंड्याने बांधलेली भिंत त्याला तिरकी दिसायची, सुताराचं दार घासायचं, न्हाव्याने ठेवलेले कल्ले वरखाली असायचे. चौकात दुसरा एक पंक्चरवाला होता, त्याच्याबद्दल तर बोलायलाच नको. हवालदार त्याचं नाव निघालं की नुसता हवेत हात उडवायचा. बायकोच्या स्वयंपाकाला तेवढं चांगलं म्हणायचा, तेही ती समोर असली तर.

एके दिवशी टायर उचकटताना लोखंडी पट्टी निसटली आणि त्याच्या बरगडीवर अशी बसली, की त्याला दिवसा तारे दिसले. बायकोने जबरदस्तीने एक्स-रे काढायला नेलं. बरगडी शाबूत होती. पण फुप्फुसात, उजवीकडे वर, एक डाग होता. मग स्कॅन झाला, मग सुई घालून तुकडा काढला, तपासायला पाठवला, आणि शेवटी डॉक्टरांनी टेबलावरचा पेन उगीच सरळ करत सांगितलं, की हा कॅन्सर आहे. हवालदाराने सिगारेट सोडून जमाना लोटला होता. तसं त्याने सांगितलंही, जणू त्यावर सूट मिळणार होती.

त्यांना ज्या सर्जनबाईंकडे पाठवलं त्या चणीने लहान होत्या. हवालदाराने आधी त्यांच्या हातांकडे पाहिलं. कुणाच्याही हातांकडेच तो आधी बघायचा. नखं कापलेली, बोटं आखूड, पकड चांगली असावी अशी. बाई पडद्यावर स्कॅन दाखवत बोलत होत्या आणि बायको त्यांच्या तोंडाकडे डोळ्यांत प्राण आणून बघत होती.

"गाठ लहान आहे," बाई म्हणाल्या. "बाहेर कुठे गेलेली दिसत नाही. फार लवकर सापडली. बरगडीवर बसलेल्या त्या पट्टीचे आभार माना. उजव्या फुप्फुसाला तीन कप्पे असतात, त्यातला वरचा कप्पा मी काढणार आणि आसपासच्या छोट्या ग्रंथी काढून तपासायला देणार. कुशीत दोन-तीन भोकं पाडून, कॅमेऱ्यातून बघत करायचं. छाती उघडावी लागणार नाही."

"आख्खा कप्पा?" हवालदार म्हणाला. "बाई, आमच्यात ट्यूब कापली की ती भंगारात जाते. आम्ही ठिगळ मारतो, कापत नाही. तेवढी गाठ काढा की."

"काहींची काढतो तशी. कडेला असली, अगदी बारीक असली, तर कप्प्याचा एक भाग काढून भागतं. तुमची आत आहे, मुळाशी. मी थोडक्यात आटपलं आणि कडेला एक कण राहिला, तर मी केलं काय?"

घाण नीट न घासता वर ठिगळ मारणाऱ्यांना हवालदाराने आयुष्यभर शिव्या घातल्या होत्या. तरी त्याने दुसरीकडून सुरुवात केली. "मग मी वाचणार याची खात्री?"

"खात्री मी कुणालाच देत नाही. तुमच्यासारख्या शंभर जणांचं मी ऑपरेशन केलं, तर पाच वर्षांनी त्यातले ऐंशीच्या आसपास जिवंत असतात. काही नाही केलं, तर फार थोडे."

"आणि उरलेले वीस?"

"काहींचा आजार उलटतो. काही दुसऱ्याच कशाने तरी जातात."

हवालदार घाबरला की त्याची जीभ जास्त चालायची. "शंभरातली वीस कामं परत येतात तर. माझ्या हातचं पंक्चर आजवर परत आलेलं नाही."

"अहो," बायको हळूच म्हणाली.

बाईंना राग आला नाही. उलट त्या खुर्चीत पुढे सरकल्या. "कसं कळलं तुम्हाला?"

"काय कसं कळलं?"

"परत आलं नाही हे."

"आलं नाही ना. कुणी घेऊन आलं नाही."

"दुसरीकडे गेलं असेल तर?"

एवढ्या वर्षांत हा प्रश्न हवालदाराला कुणी विचारला नव्हता.

"माझ्याकडेही जे बरे नसतात त्यांतले पुष्कळ परत येत नाहीत," बाई म्हणाल्या. "दुसऱ्या डॉक्टरकडे जातात, गावाला जातात, मरून जातात. मी नुसती इथे बसून मोजलं असतं, तर माझे शंभरच्या शंभर जिवंत दिसले असते. म्हणून मी दर वर्षी प्रत्येकाला फोन करते. माणूस सापडला नाही तर त्याच्या घरच्यांना. मघाशी सांगितला तो आकडा पुस्तकातला नाही, माझ्या हातचा आहे."

बाहेर कुणाचा तरी नंबर पुकारला गेला. हवालदाराच्या मनात आता एकच गोष्ट उरली होती, आणि ती त्याने विचारून टाकली.

"कापून शिवून झाल्यावर, कुठून हवा जात नाही ना, हे कसं बघता?"

"पाण्यात बुडवून," बाई म्हणाल्या.

"म्हणजे?"

"छातीत कोमट सलाईन भरते. भूल देणारे डॉक्टर उरलेल्या फुप्फुसात हवा भरतात. ते फुगून पाण्याखाली येतं आणि मी बुडबुडे बघते."

"तुम्ही स्वतः बघता, की हाताखालचं कुणी?"

"मी स्वतः."

हवालदार बायकोकडे वळला. "तारीख घे," तो म्हणाला. घरी ऑपरेशनसाठी आठ दिवस विनवण्या करून जे तिला जमलं नव्हतं ते त्या घमेलंभर पाण्याने झालं, याचा तिला राग यावा की हसू यावं हे कळेना. तिने तारीख घेतली.

वॉर्डात त्याच्या शेजारच्या खाटेवर गणिताचे एक मास्तर होते. त्यांचीही गाठ तशीच, त्याच बाजूची, तेवढीच. त्यांचंही ऑपरेशन त्याच आठवड्यात. दोघांना श्वासाचा व्यायाम म्हणून प्लॅस्टिकचं एक यंत्र दिलं होतं. नळीतून श्वास ओढला की आतल्या गोळ्या वर उचलल्या जायच्या. हवालदार तिन्ही गोळ्या उचलून छताकडे बघत बसायचा आणि मास्तरांची तिसरी गोळी हलायलाही तयार नसायची. त्याबदल्यात मास्तर त्याला ऐंशीचा आकडा समजावून सांगायचे.

"शंभरातले ऐंशी हे शंभरांना कळतं," मास्तर म्हणाले. "एकट्याला नाही कळत. तुम्ही ऐंशी टक्के जिवंत राहणार नाही. एकतर पूर्ण राहाल, नाहीतर नाही."

"मग आकड्याचा उपयोग काय?"

"ठरवायला. एकदा ठरवलं, की विसरायचा."

"तुम्ही विसरलात?"

"छे," मास्तर म्हणाले आणि पुन्हा तिसऱ्या गोळीच्या मागे लागले.

मास्तरांचं ऑपरेशन आधी झालं, हवालदाराचं दुसऱ्या दिवशी. हवालदार शुद्धीवर आला तेव्हा त्याच्या कुशीतून एक जाड नळी निघून खाली एका बाटलीत गेली होती. बाटलीत पाणी होतं आणि नळीचं टोक पाण्याखाली होतं. फुप्फुसाभोवतीची हवा बाहेर यावी, पण परत आत जाऊ नये, म्हणून ही सोय, असं सिस्टरने सांगितलं. हवालदाराला ती पाहताक्षणी कळली आणि आवडली. साधी, स्वस्त, आणि चूक व्हायला जागा नाही. व्हॉल्व्ह असावा तर असा, असं तो बायकोला म्हणाला. त्याच्या तोंडून कशाचं तरी कौतुक ऐकून तिला भूल अजून उतरली नसावी असं वाटलं.

मग तो खोकला, आणि बाटलीत बुडबुडे आले.

त्याने पुन्हा खोकून पाहिलं. पुन्हा आले. वर येणारी ती बारीक माळ तो आयुष्यभर बघत आला होता, तिचा अर्थ त्याला कुणी सांगायची गरज नव्हती. त्याने शेजारी पाहिलं. मास्तर खोकत होते आणि त्यांच्या बाटलीतलं पाणी शांत होतं.

हवालदाराने तोंड फिरवलं. बायकोने विचारलं काही दुखतंय का, तर नाही. पाणी हवं का, तर नाही. सर्जनबाई फेरीला आल्या, बाटलीपाशी खाली बसल्या, त्याला खोकायला सांगितलं, बघितलं आणि "ठीक आहे" म्हणून पुढे गेल्या. ठीक आहे? त्याच्या दुकानात असं काम झालं असतं तर त्याने तोंड लपवलं असतं. पाण्यात बुडवून बघते म्हणाल्या होत्या. विश्वास ठेवला तो त्या एका शब्दावर, आणि आता आपण गळकी ट्यूब होऊन घरी जाणार, असं त्याच्या मनाने घेतलं. शरीर कापल्याचं दुःख त्याला एवढं झालं नाही जेवढं हे झालं. पण दुसऱ्या दिवशी एक आशेची जागा सापडली. कदाचित गळती आपल्यात नसेल. नळीच्या जोडात असेल.

हे ओळखायची रीत त्याला पाठ होती. नळी आपल्याकडून दाबून धरायची. बुडबुडे तरीही आले, तर जोड खराब. थांबले, तर गळती आपल्यातच. दुपारी बायको डबा धुवायला गेली होती, सिस्टर दुसऱ्या टोकाला होत्या. हवालदाराने नळी छातीजवळ दुमडली आणि मुठीत घट्ट धरली. बुडबुडे थांबले. पण चांगला कारागीर एवढ्यावर निकाल देत नाही. त्याने नळी तशीच धरून ठेवली आणि नीट बघायचं म्हणून खोकला. पुन्हा खोकला. बाटली शांत. तो आणखी जोर लावून खोकला.

मग श्वास अपुरा पडू लागला. त्याला वाटलं खोकल्याने दमलो असेन. छातीच्या उजव्या बाजूला आतून काहीतरी दाबत होतं. मान जड झाली. मूठ सोडावी हे त्याला सुचलंही नाही, उलट घाबरून त्याने ती आणखीच आवळली. बायको डबा घेऊन दारात आली तेव्हा त्याचे ओठ काळे पडत होते. तिच्या हातातला डबा खाली पडला, त्या आवाजाने मास्तर जागे झाले आणि त्यांनी एका नजरेत सगळं पाहिलं.

"नळी," ते ओरडले. "सिस्टर, त्यांनी नळी दाबलीय."

सिस्टर धावत आल्या. हवालदाराची मूठ उघडायला त्यांना दोन्ही हात लागले. नळी सुटली तशी बाटली उकळत्या भांड्यासारखी खदखदली, आणि हळूहळू हवालदाराच्या छातीवरचं ओझं उतरलं. बायको खाटेचा दांडा धरून उभी होती. ती रडत नव्हती, पण दांडा तिने सोडला नाही.

सर्जनबाई थिएटरमधल्या टोपीसकट आल्या. छाती तपासली, एक्स-रे काढवला, तो बघितला, मग स्टूल ओढून बसल्या. त्यांनी हवालदाराचा हात धरून त्याच्याच मानेवर ठेवला. कातडी फुगली होती आणि बोटाखाली चरचरत होती.

"ही हवा," बाई म्हणाल्या. "तुम्ही भरलेली. बाहेर जायची वाट बंद केलीत आणि खोकलात. प्रत्येक खोकल्याला आत भरत गेली. आणखी थोडा वेळ धरलं असतं तर काळीज एका बाजूला ढकललं गेलं असतं. का दाबलीत?"

"गळती माझ्यात आहे की तुमच्या जोडात, ते बघत होतो."

शेजारच्या खाटेवर मास्तर भिंतीकडे तोंड करून हसत होते. टाके दुखत असल्यामुळे त्यांना ते फार महागात पडत होतं.

"आम्हीही तसंच बघतो," बाई म्हणाल्या. "पण क्षणभर, आणि जवळ उभं राहून. जोड ठीक आहे. गळती तुमच्यात आहे."

हवालदाराला आता राहवेना. "म्हणजे तुम्ही बुडवून बघितलंच नाही."

बायकोने डोळे मिटून घेतले. ज्या बाईने याला मरणाच्या दारातून ओढून आणलं तिला हा माणूस खोटं पाडत होता. पण बाई चिडल्या नाहीत.

"बघितलं. एका ठिकाणी बुडबुडे होते. तिथे टाके घातले आणि पुन्हा बुडवलं. तरी मधूनच एखादा येत होता, अगदी बारीक."

"आणि तसंच सोडलंत?"

"तसंच सोडलं. फुप्फुस ओल्या कागदासारखं असतं. मी आणखी टाका घातला असता, तर सुई जिथे शिरली असती तिथे नवं भोक पडलं असतं. नाहीतर मग भोवतालचा चांगला भाग कापून टाकावा लागला असता. तो तुम्हाला पंप मारायला लागणार आहे, हवालदार. रबर आपणहून भरून येत नाही, म्हणून तुम्हाला शेवटचा बुडबुडा बंद करावाच लागतो. माणूस भरून येतो. हात कुठे थांबवायचा हे शिकायला मला कापायला शिकण्यापेक्षा जास्त वर्षं लागली."

"मला सांगायचं तरी."

"तुमच्या मिसेसना त्याच दिवशी सांगितलंय."

हवालदाराने बायकोकडे पाहिलं. तिने नजर चुकवली नाही. "सांगितलं होतं त्यांनी," ती म्हणाली. "म्हटलं, तुम्हाला कळलं तर उठून स्वतःच ठिगळ मारायला बसाल. न सांगताही तेच केलंत."

हवालदाराला राग आला नाही, हे त्याचं त्यालाच नवल वाटलं. एक बुडबुडा दिसतो आहे आणि हात मागे घ्यायचा, हे आपल्याला कधी जमलं नसतं, हे त्याला अगदी स्पष्ट कळलं. आपल्या कामाची लाज वाचवण्यासाठी आपण आणखी एक ठिगळ मारलं असतं आणि माणूस मारून बसलो असतो. दुसऱ्या कुणाच्या कामापुढे मान खाली घालायची त्याला सवय नव्हती. त्याला ते बरं वाटलं.

त्यानंतर बाई फेरीला येत तेव्हा तो त्यांच्या आधीच खोकायचा आणि दोघं मिळून बाटलीत बघायचे. माळ तुटक झाली. मग एखादाच बुडबुडा उरला. मग एका सकाळी तो खोकला आणि पाणी हललं नाही. बाई बघून गेल्या आणि संध्याकाळी पुन्हा येऊन जमिनीवर गुडघे टेकून बसल्या.

"सकाळी बघितलं होतंत की," सिस्टर म्हणाल्या.

"पुन्हा बघू दे," बाई म्हणाल्या. हवालदाराने मास्तरांकडे बघून भुवया उडवल्या. जणू बाईंना ते त्यानेच शिकवलं होतं.

दोघांचेही रिपोर्ट चांगले आले. ग्रंथी स्वच्छ, कडा स्वच्छ. बायकोचा जीव भांड्यात पडला आणि ती पहिल्यांदाच, सगळ्या वॉर्डासमोर, मनसोक्त रडली.

हवालदार दुकानात परतला. सुरुवातीला पंपाच्या चार दट्ट्यांत तो धापा टाकायचा, शिंपी समोरून उठून यायचा आणि उरलेले मारून जायचा. वर्षभरात त्याची गरज उरली नाही. मास्तर सायकलवरून यायचे, गरज नसली तरी हवा तपासून घ्यायचे आणि बाकड्यावर बसून गप्पा मारायचे. वर्षातून एकदा सर्जनबाईंचा फोन यायचा. श्वास कसा आहे, वजन कसं आहे, खोकला आहे का. तपासणीची आठवण करायच्या आणि मास्तर सायकल चालवतात का तेही विचारायच्या, कारण मास्तर फोनवर खोटं बोलतात असा त्यांना संशय होता.

तिसऱ्या वर्षी मास्तरांना पाठदुखी सुरू झाली. ती पाठदुखी नव्हती. आजार हाडांत उतरला होता. हवालदार त्यांना भेटायला गेला तेव्हा ते उशांना टेकून बसले होते, चेहरा बारीक झाला होता, पण नजर तीच.

"आकडा चुकला नाही हं," मास्तर म्हणाले. "मी विसांत निघालो, एवढंच. कुणीतरी निघायलाच हवं, नाहीतर तो आकडा खोटा. बाईंचं काम चोख होतं. आणि तीन वर्षं मिळाली. फुकट नाही गेली ती."

हवालदाराने बाहेर येऊन, आता कुणी चालवणार नव्हतं त्या मास्तरांच्या सायकलमध्ये हवा भरायला घेतली. पाऊण चाक भरलं असताना त्याचे डोळे भरून आले आणि त्याने ते बाहीला पुसले.

मास्तर गेल्यावर त्याने बाईंना त्यांच्याबद्दल विचारलं नाही. विचारलं तर आपली पाळी येईल, असं एक वेडं भय त्याच्या मनात बसलं होतं. तपासणीला जायच्या आदल्या आठवड्यात तो घरात ब्र काढायचा नाही, आणि बायको त्याच्या प्रत्येक खोकल्याला कान द्यायची. असं करत पाचवं वर्ष उजाडलं. स्कॅन झाला. बाईंनी तो पडद्यावर लावला, चष्मा वर करून जवळून बघितला, मागचा स्कॅन शेजारी लावून पुन्हा बघितला.

"स्वच्छ आहे," त्या म्हणाल्या. "पाच वर्षं झाली, हवालदार. तुम्ही माझ्या ऐंशीतले."

बायकोने त्याचा हात धरला, चारचौघांत ती असं कधी करत नसे. हवालदाराला आनंद झाला. फार झाला. पण पहिली आठवण त्याला मास्तरांचीच आली, आणि त्याने इतके दिवस गिळून ठेवलेलं विचारलं.

"मास्तरांचं काय चुकलं होतं?"

बाईंनी चष्मा काढला. "त्यांच्या ऑपरेशनचं सगळं चित्रण आहे माझ्याकडे. पहिल्यापासून शेवटपर्यंत पुन्हा बघितलं. मग परत बघितलं. काही सापडलं नाही. सापडलं असतं तर बरं झालं असतं, पुढच्या माणसाच्या वेळी टाळता आलं असतं. कधीकधी एखादी पेशी आधीच निघून गेलेली असते आणि आपल्याला दिसत नाही."

"आता त्यांना मोजत नाही तुम्ही."

"त्यांनाच तर आधी मोजते. त्यांच्या मिसेसना अजून फोन करते मी. दर वर्षी, त्याच महिन्यात. विचारायचं काही नसतं. पण ज्यांचं बरं झालं त्यांनाच फोन करायचा, हे मला बरं वाटत नाही."

घरी येताना बायकोने दोनदा काही विचारलं, हवालदाराने नुसतं हूं केलं. दुकान उघडलं, घमेल्यात ताजं पाणी भरलं आणि बाकड्यावर बसून राहिला. मग समोर गेला. शिंपी मशीनवर वाकला होता.

"काय म्हणाल्या बाई?"

"स्वच्छ."

शिंपी उठला आणि त्याने हवालदाराला मिठी मारली, गळ्यातल्या टेपसकट. हवालदार मोकळा झाल्यावर म्हणाला, "एक विचारू? खरं सांगायचं. माझ्या हातचं तुमचं एखादं पंक्चर कधी दुसरीकडे गेलंय?"

शिंप्याने सुईत दोरा ओवायला घेतला. सुईत दोरा आधीच होता.

"एकदा," तो शेवटी म्हणाला. "मागच्या चाकाचं. तुमच्या ऑपरेशनच्या आदल्या वर्षी. दुसऱ्या दिवशीच हवा गेली. चौकातल्याकडून करून घेतलं."

"मला सांगितलं नाहीत."

"तुम्ही ते वाक्य इतक्या हौसेने म्हणता. म्हटलं, कशाला."

एवढी वर्षं हा माणूस ते वाक्य आपल्याबरोबर म्हणत होता, हे आठवून हवालदाराला हसू फुटलं. उरलेल्या सगळ्या फुप्फुसाने तो हसला, खोकला आला तरी हसतच राहिला. मग म्हणाला, "आणा ती गाडी इकडे."

"कशाला? तेव्हापासून काही तक्रार नाही तिची."

"असू दे. मला बघू दे."

त्याने स्कूटरचं मागचं चाक सोडवलं, टायर उचकटला, ट्यूब बाहेर काढली. चौकातल्याचं ठिगळ जुनं झालं होतं, पण कडेला कुठे सुटलेलं नव्हतं. त्याने हवा भरली आणि ट्यूबचा तो भाग घमेल्यात धरला. शिंपी वाकून बघू लागला. बायकोही घरातून बाहेर येऊन दारात उभी राहिली. हवालदाराने ट्यूब पाण्याखाली हळूहळू फिरवली, परत ठिगळापाशी आणली, अंगठ्याने दाबली आणि थांबला. पाणी हललं नाही.

"चांगलं काम केलंय त्याने," हवालदार म्हणाला.